वाकड्या पंखांचं विमान

पिशवीवर विमानाचं नावच नव्हतं. असतं तर पुढची सगळी धावाधाव वाचली असती, आणि हा लेखही. जाड पॉलिथिनची पिशवी, तोंडाशी पिना मारून दुमडलेला करडा कागद, त्यावर रशियन अक्षरं आणि एका विमानाचं एकरंगी चित्र. आत फिकट निळसर प्लॅस्टिकच्या चौकटी आणि चौकटींना चिंचेसारखे लटकलेले पंख, चाकं, पंख्याची पाती, दोन इवलेसे बिनचेहऱ्याचे वैमानिक. साल १९८४, ठिकाण ओझर मिग.

नाशिकबाहेरच्यांना हे नाव चमत्कारिक वाटतं. गाव ओझरच, ‘मिग’ हे शेपूट कारखान्यामुळे लागलं आणि एसटीच्या पाट्यांनी ते कायम केलं. १९६२ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, मिग-२१ भारतात बनवायचं ठरलं, आणि त्याचे तीन वाटे झाले: सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, विजेची आणि रेडिओची यंत्रणा हैदराबादला. द्राक्षांच्या मळ्यांशेजारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीत आमचे दिवस गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिग शॉपमध्ये होते. विमानाचे भाग जोडताना ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा म्हणजे जिग. जिग केसभर हलली तर विमान केसभर वाकडं, एवढं साधं ते गणित. या गणितामुळे आमच्या घरात भिंतीवरची तसबीर कधी तिरकी राहिली नाही. अण्णांच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायची आणि आईच्या शंकरपाळ्यांनाही ती लागायची.

वसाहतीत रशियन कुटुंबं राहत. त्यांतल्या एका बाईंना आई दरवर्षी फराळाचं ताट पाठवी. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत त्या कुणाकडून तरी शिकल्या होत्या. त्या वर्षी ताटातून माझ्यासाठी एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या आल्या आणि धाकट्या भावासाठी ही पिशवी. भाऊ सात वर्षांचा, त्याला चौकटींत काही रस वाटेना. मी दहाची. अदलाबदल पाच मिनिटांत झाली. बाहुल्या आज पुण्यात त्याच्या टीव्हीखाली ओळीनं उभ्या आहेत आणि दर भेटीत मी त्यांच्याकडे जप्तीला आलेल्या माणसासारखी बघते. माझं विमान मात्र चौथ्या दिवशीच गेलं होतं.

ते असं झालं. आधी मी लाकडाचा पांढरा गोंद लावला. रात्रभर ठेवूनही सकाळी पंख अलगद हातात. अण्णांनी औषधाच्या जुन्या बाटलीतून थिनर आणून दिलं. या प्लॅस्टिकला, पॉलिस्टायरीनला, गोंद धरत नाही. त्याला विरघळवावं लागतं. दोन्ही कडांना थिनरचं बोट लावायचं, कडा मऊ झाल्या की दाबून धरायचं. द्रव उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. खरं तर ते चिकटवणं नसतं, थंड वेल्डिंग असतं. तीन संध्याकाळी मी ओठ दातांत धरून ते केलं. चौथ्या संध्याकाळी अण्णा दुसऱ्या पाळीवरून आले, विमान हातात घेतलं आणि खिशातून पट्टी काढली.

“वाकडं आहे.”

पंख वाकडे होतेच. धडाला लागून असलेला भाग मागे झुकलेला, आणि तिथून पुढे पंख एकदम वळण घेऊन सरळ बाहेर गेलेला. अण्णांचं निदान तयार होतं: माल साच्यातून गरम असतानाच काढला असणार, थंड होताना पिळला. मी म्हटलं, “पण दोन्ही पंख सारखेच वाकडे कसे?” याला उत्तर आलं नाही. स्टोव्हवर पाणी ठेवलं गेलं, वाफ धरली गेली, अण्णांनी दोन्ही अंगठे पंखाच्या वळणावर ठेवून हळूच जोर दिला. बोरं चावल्यासारखा आवाज झाला. कुणी कुणाला काही बोललं नाही. पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत तुकडे गेले.

या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली, तेव्हा मी शोधाला लागले. कारण विचाराल तर बाहुल्या. भावाच्या घरी त्यांची धूळ पुसताना मनात आलं की आपला हिस्सा कुठे आहे ते निदान बघावं तरी.

रशियन पिशवी म्हणजे रशियन विमान, हे मी गृहीत धरलं आणि तिथेच काही महिने वाया घालवले. दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत विमानं एकेक करून पाहिली. इल्युशिन-२ नाही, पेत्ल्याकोव्ह नाही, सुखोईचं जुनं बॉम्बर नाही. मग वाटलं, वाकडे पंख म्हणजे जर्मनांचं स्टुका. सूर मारून बॉम्ब टाकणारं, चित्रपटांतून किंचाळत येणारं. हा शोध पुरा झाला म्हणून मी पुण्यातल्या एका संग्राहकांकडे गेले. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, पलंग सोडून सगळीकडे खोकी. गृहस्थ निवृत्त बँकवाले, नाव न छापण्याच्या अटीवर बोलले, कारण खोक्यांचा नेमका आकडा घरात ठाऊक नाही.

“स्टुका? शक्यच नाही,” त्यांनी चहा येण्याआधीच निकाल दिला. “रशियनांनी जर्मन साचे घेतलेच नव्हते.”

साचे घेतले नव्हते, म्हणजे कुणाकडून? आणि मग जी कथा सुरू झाली तिच्यापुढे माझं विमान बराच वेळ विसरायला झालं.

लंडनमध्ये १९३०च्या आसपास चार्ल्स विल्मॉट आणि जो मॅन्सूर या दोघांनी रबराच्या पीळावर उडणारी छोटी विमानं बनवायला घेतली. खोक्यातच पीळ भरायची सोय, खोक्यातून काढलं की जमिनीवरून थेट उडणार. ‘फ्लाइज राइट ऑफ ग्राउंड’ या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून नाव पडलं फ्रॉग. त्यांच्या पाठीशी लाइन्स बंधूंची मोठी खेळणी कंपनी होती. तीन लाइन्स भाऊ, म्हणजे तीन रेषा, म्हणजे त्रिकोण, म्हणून त्यांचा छाप ‘ट्राय-अँग’. हे लोक नावं ठेवायला बसत तेव्हा मजेत असावेत. कारण १९३६ साली त्यांनी न उडणाऱ्या, नुसत्या जोडून कपाटावर ठेवायच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती काढल्या, तेव्हा त्या मालिकेला नाव दिलं पेंग्विन. न उडणारा पक्षी! प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून जोडायच्या विमानांची ही जगातली पहिली मालिका मानली जाते. त्यांचं प्रमाण होतं एकास बहात्तर, सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. आजही निम्मं विमानजग याच मापात चालतं. त्या पेंग्विनांचं प्लॅस्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेट होतं, ते वर्षागणिक आकसतं, पिळतं. जुन्या पेंग्विनचे पंख खरोखरच वाकडे झालेले सापडतात. अण्णांचं निदान चुकीच्या विमानाला बरोबर होतं.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं आणि फ्रॉगनं त्यात शेकडो विमानं काढली. एअरफिक्सशी स्पर्धा होतीच. पण फ्रॉगला एक खोड होती, जी मला फार आवडली: कुणाला न सुचणारी विमानं काढायची. एअरफिक्स स्पिटफायर विकायचं, फ्रॉगही विकायचं, पण जोडीला बॅराकुडा, स्कुआ, बाल्टिमोर, मेरीलँड असली नावंही न ऐकलेली विमानं. धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपण होतं की नाही, मला शंका आहे. १९७१ साली लाइन्स बंधूंचं साम्राज्य कोसळलं. फ्रॉग डनबी-कोंबेक्स-मार्क्स या दुसऱ्या खेळणीवाल्यांकडे गेलं आणि त्यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात मॉस्कोशी सौदा केला. आम्ही तुम्हाला साचे देतो, तुम्ही त्यांतून माल काढून आम्हाला द्या, आम्ही तो पश्चिमेत विकतो. पैशांऐवजी प्लॅस्टिकची विमानं. नव्या खोक्यांवर नाव आलं नोव्हो.

सौद्यात एक अडचण निघाली. सोव्हिएत कारखान्यातून, सोव्हिएत मुलांच्या हाती, हिटलरची विमानं जाणं शक्य नव्हतं. दोन कोटींवर माणसं गमावलेल्या देशात मेसरश्मिट आणि स्टुका खेळणी म्हणून कोण काढणार? महायुद्धातल्या जर्मन, इटालियन आणि जपानी विमानांचे साचे मागेच राहिले आणि रेव्हेल कंपनीनं घेतले. बाकीचे पोलादी ठोकळे पूर्वेला रवाना झाले. १९८०मध्ये ती इंग्लिश कंपनीही बुडाली. साचे परत मागायला कुणी उरलं नाही आणि साच्यांना तर काही कळत नाही. यंत्रात घाला, वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं सोडा, ते विमान देत राहतात. दोनेत्स्कच्या खेळणी कारखान्यात, मॉस्कोत, आणखी कुठे कुठे ते विमान देत राहिले. आता पश्चिमेचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून खोकी गेली आणि पिशव्या आल्या, चिन्हांचे स्टिकर गेले. नावंही पुष्कळदा गेली. ब्रिटिश किंवा अमेरिकन विमानावर नुसतं ‘लढाऊ विमान’ नाहीतर ‘बॉम्बर’ एवढंच. खारकीव्हच्या मुलानं ब्रिटिश नौदलाचं विमान जोडायचं आणि ते कुणाचं हे त्याला ठाऊक नसायचं. म्हणजे त्या बाबतीत तो आणि ओझरची मी एकाच बाकावर.

“आता सांगा,” संग्राहक म्हणाले. “नाक गोल की टोकदार?”

गोल. इंजिनाचे सिलिंडर दिसत होते.

“माणसं किती?”

दोन, लांबलचक काचेखाली एकामागे एक.

“पंख कुठून वाकडे? समोरून बघितलं तर, की वरून?”

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत पडला नव्हता. स्टुकाचे पंख समोरून बघितले तर वाकडे. खाली जाऊन वर येणारे. माझे वरून वाकडे होते, टेबलावर ठेवून उभ्यानं बघितलं की. मी हवेत बोटानं आकार काढला. ते आतल्या खोलीत गेले, खोकी सरकवल्याचा आवाज आला, आणि एक जुना कॅटलॉग माझ्यापुढे उघडा पडला.

व्हल्टी व्हेंजन्स. व्हेंजन्स म्हणजे सूड.

हे अमेरिकन विमान. १९४०मध्ये फ्रान्सनं मागणी नोंदवली, विमानं तयार होण्याआधी फ्रान्सच पडला, मग ब्रिटननं मागणी दिली. टेनेसीतल्या नॅशव्हिलला आणि कॅलिफोर्नियात मिळून एकोणीसशेच्या वर बनली. सोळाशे अश्वशक्तीचं इंजिन, एकच काम: आकाशातून सरळ खाली सूर मारून नेमक्या जागी बॉम्ब टाकणं. सूर म्हणजे तिरका नाही, नव्वद अंशांचा. तसा सूर सरळ रेषेत जावा म्हणून पंख धडाला शून्य कोनात बसवले होते. एरवीच्या विमानाचा पंख किंचित वर तोंड करून असतो, म्हणून सरळ उडताना धड आडवं राहतं. याचा पंख तसा नाही, म्हणून सरळ उडताना हे नाक वर करून जायचं, घमेंडी माणसासारखं, आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसायचं नाही.

आणि वाकडेपणा? आराखडा करताना विमानाचा गुरुत्वमध्य चुकीचा मोजला गेला. भार एकीकडे आणि पंखांची उचल दुसरीकडे. उपाय एकच, पंख मागे सरकवायचा. पण पंख धडाला जिथे जोडला जातो ती जागा बदलायची तर सगळंच नव्यानं आखावं लागणार. म्हणून त्यांनी सांधा होता तिथेच ठेवला, सांध्याजवळचा पंखाचा तुकडा मागे झुकवला आणि त्याच्या पुढे उरलेला पंख लावून टाकला. वरून बघितलं की इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं.

अमेरिकेनं हे विमान स्वतः लढाईत वापरलं नाही. ऑस्ट्रेलियानं वापरलं, ब्रिटिशांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरलं. कॅटलॉगमधला मजकूर तिथेच संपत होता. संग्राहकांनी तो मिटला आणि म्हणाले, “आणि आपण.”

मी ऐकतच राहिले. १ डिसेंबर १९४२ रोजी हवाईदलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनची उभारणी झाली आणि दोन्हींना हेच विमान मिळालं. आठवी स्क्वॉड्रन १९४३च्या अखेरीस अराकानच्या लढाईत उतरली, सातवी १९४४च्या वसंतात इंफाळच्या बाजूला, जपानी सैन्य मणिपुरात घुसलं होतं तेव्हा. दाट जंगलात, झाडांच्या छताखाली दडलेलं लक्ष्य. तिथे हे सरळ सूर मारणारं विमान कामाला आलं. दोन माणसं, एक पुढे बघणारा, एक मागे तोंड करून मशीनगन धरून बसलेला. माझ्या पिशवीतले ते दोन बिनचेहऱ्याचे. वर्षभरात दोन्ही स्क्वॉड्रननी विमानं बदलली, सातवीला हरिकेन आली, आठवीला स्पिटफायर, आणि व्हेंजन्स विस्मरणात गेलं.

सातव्या स्क्वॉड्रनमध्ये व्हेंजन्स उडवणाऱ्यांत प्रतापचंद्र लाल होते. पुढे ते तिचे प्रमुख झाले आणि १९७१च्या युद्धात हवाईदलाचे. मधल्या काळात, हवाईदलप्रमुख होण्याआधी, ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सचेही प्रमुख होते. म्हणजे अण्णा ओझरच्या जिग शॉपमध्ये नवे असताना सगळ्यात वरच्या खुर्चीत जो माणूस होता, त्यानं वाकड्या पंखांचं हे विमान स्वतः जमिनीकडे नाक करून सोडलेलं होतं.

दिल्लीला गेले तेव्हा पालमचं हवाईदल संग्रहालय मुद्दाम पाहिलं. तिथे वापिटी आहे, जगात उरलेलं बहुधा एकमेव. लायसँडर आहे, हरिकेन, स्पिटफायर, जपान्यांचं ओका नावाचं आत्मघाती विमानसुद्धा. व्हेंजन्स नाही. जवळजवळ पूर्ण अवस्थेतलं एकच उरलंय, तेही ऑस्ट्रेलियात. आपल्या मातीवर लढलेलं विमान बघायचं तर एकतर सिडनीजवळ जा, नाहीतर आठ इंची प्लॅस्टिकचं शोधा.

शोधणं आता सोपं होतं. नाव कळलं की वस्तू सापडते. नोव्होची खोकीबंद व्हेंजन्स दोन-तीन ठिकाणी मिळत होती, सुबक, महाग. मला पिशवी हवी होती. या छंदातले शौकीन पिशवीला नाक मुरडतात. प्लॅस्टिक रबरासारखं, चिन्हांचे स्टिकर नाहीत, आणि साचा झिजल्यामुळे कडांना ‘फ्लॅश’, म्हणजे फटीतून निसटलेल्या प्लॅस्टिकची पातळ झालर. त्यांचं खरं आहे. पण यांच्यातले अर्धे लोक खोकी उघडतही नाहीत; सील फुटलं की किंमत उतरते म्हणून. लग्नातला शालू पेटीत ठेवून पेटीची किंमत सांगण्यातली गंमत मला कळत नाही.

शेवटी पिशवी लाटव्हियातून आली. टपालासकट साडेतीन हजार रुपये, सहा आठवडे. तोच करडा कागद, तीच अक्षरं. या खेपेला रशियन येणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवून विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, “जोडायचं मॉडेल. विमान.”

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत, नाशिकला माझ्याकडेच असतात. मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. पिशवी पुढ्यात ठेवली. ते बराच वेळ पिनांकडे बघत राहिले, मग स्वतःच नखानं एकेक पिन उचकटली. चौकट बाहेर काढली. डाव्या पंखाचा वरचा तुकडा, अजून चौकटीलाच लागलेला, खिडकीकडे धरला. चौकट दणकट आणि सरळ होती. पंख वाकडा होता.

मी व्हेंजन्सची सगळी कथा सांगितली. गुरुत्वमध्याच्या चुकीपाशी आले तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं.

“रूट फिटिंग बदलायला गेले असते तर धडाच्या सगळ्या जिगा मोडाव्या लागल्या असत्या. लढाईच्या दिवसांत कोण मोडतो? मी पण पंखच वाकवला असता.”

मग चष्मा काढून त्यांनी तो तुकडा टेबलावर ठेवला, उजव्या पंखाचा तुकडा शोधून त्याच्याशेजारी लावला, आणि पट्टी न काढता नुसत्या बोटानं एकाचं वळण, मग दुसऱ्याचं वळण चाचपलं.

“दोन्ही सारखेच वाकडे कसे,” ते म्हणाले. “तू विचारलं होतंस.”